हजारची की सहाशेची

गाडी एकच घ्यायची, हे सम्यक आणि प्रीतीचं आधीच ठरलं होतं. दोन गाड्या बहीणभावाच्या पगारात बसणाऱ्या नव्हत्या, आणि कल्याण पूर्वेला त्यांच्या इमारतीखाली जागाही एकाच गाडीपुरती होती. अडलं होतं ते कोणती घ्यायची यावर.

सम्यक तेहतीस वर्षांचा, सहा फूट उंच, अंगानं भरलेला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तो मोजमापाची यंत्रं सांभाळायचा. प्रीती त्याच्याहून सहा वर्षांनी लहान आणि चणीनंही लहान; ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. वडील कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई पालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली.

सम्यकला मोटरसायकलींचं वेड कॉलेजपासूनचं. रविवारी उजाडता उजाडता मित्रांबरोबर माळशेजला जायचं, घाटात गाडी वाकवायची, टपरीवर चहा प्यायचा आणि दहाच्या आत घरी. एका रविवारी त्यांच्यातला एक जण वळणावरच्या वाळूवरून घसरला आणि समोरून येणाऱ्या टेम्पोखाली जाता जाता राहिला. खुबा मोडला, सहा महिने अंथरुणावर. सम्यक त्याला भेटून आला तेव्हा आई एवढंच म्हणाली, की तीस वर्षं मी दवाखान्यात अशीच पोरं बघितली, आता घरात बघायचं नाही. सम्यकच्या आणि मित्रांच्या गाड्या दुरुस्तीला कळव्याला त्र्यंबककाकांच्या गॅरेजात असायच्या. काकांनीच मग रेसिंग ट्रॅकचं सुचवलं. तिथे समोरून कोणी येत नाही, वाळू नाही, म्हशी नाहीत, आणि पडलास तर ॲम्ब्युलन्स उभी असते. सम्यक कोइम्बतूरला जाऊन दोन दिवस शिकून आला आणि घाट कायमचा सुटला.

पुढच्या वर्षी त्यानं प्रीतीला नेलं. ती खरं तर फोटो काढायला आली होती. दुपारी ऊन चढल्यावर सम्यक दमून बसला, त्याचं पंधरा मिनिटांचं एक सेशन रिकामं जात होतं, म्हणून त्यानं तिला आपलं हेल्मेट दिलं. ते तिच्या डोक्यावर घागरीसारखं हलत होतं. चार लॅप मारून ती परत आली, गाडी स्टँडला लावली आणि पुढच्या खेपेला माझंही नाव घाल म्हणाली.

त्यानंतर चार वर्षं दोघं एकाच लहान गाडीवर चालवत होते. एक सेशन त्याचं, एक तिचं. ती ट्रॅकवर असली की सम्यक कठड्याशी उभा राहून मोबाइलवर तिचा वेळ मोजायचा आणि आल्यावर कुठे चुकलं ते सांगायचा. ब्रेक उशिरा सोड, नजर पुढे ठेव, वळण संपायच्या आत थ्रॉटल पिळू नको. ती ऐकून घ्यायची. त्याच्या सेशनला मोबाइल तिच्या हातात असायचा. पहिल्या वर्षी ती त्याच्या आठ सेकंद मागे होती, दुसऱ्या वर्षी तीन. गेल्या वर्षभरात फरक अर्ध्या सेकंदावर आला आणि तिथेच राहिला. दर वेळी अर्धा सेकंद, आणि दर वेळी ती मागे. सम्यकला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. शिकवणारा थोडा पुढे असायचाच.

जानेवारीत लहान गाडीचं इंजिन थकलं आणि त्यांनी ती विकली. आता मोठी घ्यायची. शोधाशोध करून दोन जुन्या गाड्या नजरेत भरल्या, दोन्ही ट्रॅकसाठीच तयार केलेल्या. एक हजार सीसीची, डोंबिवलीला. दुसरी सहाशे सीसीची, घोडबंदर रोडला.

सम्यकचा कल हजारकडे होता आणि तो त्यानं लपवलाही नाही. माझी उंची, माझं वजन, लहान गाडीवर मी सर्कशीतल्या अस्वलासारखा दिसायचो, असं तो हसत सांगायचा. शिवाय एकदाच घ्यायची तर पुन्हा बदलायला लागू नये अशी घ्यावी. प्रीतीला विचारलं की ती म्हणायची, मला दोन्ही चालतील.

त्र्यंबककाकांचं मत वेगळं होतं. साठीला आलेला माणूस, कळव्यातलाच, बापजादे मिठागरावर होते. बोलताना हातातला पाना खाली ठेवायची सवय नाही. ते म्हणाले की वजनात दोन्ही गाड्यांचा फरक दहा-बारा किलोंचा, ताकदीत मात्र जवळजवळ दुप्पट, आणि आपले ट्रॅक छोटे. हजारची गाडी मोकळी सोडावी एवढा सरळ रस्ता तिथे आहेच किती? टायर तर ती एका दिवसात खाऊन टाकेल.

सम्यक म्हणाला की आजकालच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स असतं, गाडी स्वतः सांभाळून घेते.

"तेच तर," काका म्हणाले. "मना विचारशील तर हजारच्या गाडीवर माणूस वळणात हुकला तरी पुढच्या सरळ रस्त्यात भरून काढतो. त्याला वाटतं, मी वेगात आहे. सहाशेवर भरपाई नाय. चूक केलीस तर दिसते."

सम्यकनं हे बोलणं जुन्या माणसाचं म्हणून सोडून दिलं.

हजारची गाडी सर्वेश नावाच्या माणसाची होती. त्याचा टाइल्सचा धंदा. इमारतीच्या तळघरात त्यानं गाडी दिव्याखाली उभी केली होती, पुसून लख्ख. सर्वेश मोकळा माणूस होता, चहा मागवला, गाडी सुरू करून दाखवली. तळघर दणाणलं आणि सम्यक दोन पावलं पुढे सरकला. प्रीतीनं विचारलं की पुढच्या शॉकमधलं तेल कधी बदललंय. सर्वेशनं उत्तर दिलं ते सम्यककडे बघून. तिनं ब्रेकच्या पाइपांचं विचारलं, त्याचंही उत्तर सम्यकला मिळालं. मग ती गाडीवर बसून बघायला चढली. दोन्ही पायांचे चवडेसुद्धा टेकेनात. एका बाजूला कलून तिनं कशीबशी एका पायाची बोटं टेकवली. सीट कापून खाली घेता आली असती, पण मग सम्यकचे गुडघे हँडलला लागले असते. प्रीती उतरली आणि म्हणाली, "चालेल."

सहाशेची गाडी मैथिली नावाच्या दातांच्या डॉक्टरची. ती नवऱ्याबरोबर परदेशी चालली होती. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चादरीखाली गाडी, रंग ठिकठिकाणी उडालेला. मैथिलीही बुटकीच, तिनं आपल्या मापानं सीट बारीक करून घेतली होती. विचारायच्या आधीच तिनं सांगितलं की गाडी दोनदा पडली आहे. एकदा डाव्या बाजूवर, एकदा उजव्या. काय वाकलं, काय बदललं, कुठला भाग मूळचा नाही, सगळं हात लावून दाखवलं. प्रीती तिच्याबरोबर जमिनीवर बसून गाडीच्या पोटाखाली बघत होती आणि सम्यक घड्याळ बघत होता. परत येताना तो म्हणाला की दोनदा पडलेली गाडी कशाला घ्यायची. प्रीती म्हणाली की न पडलेली ट्रॅकची गाडी नसते, सांगणारे आणि न सांगणारे असतात.

योग असा, की फेब्रुवारीत सर्वेश आणि मैथिली दोघंही कोइम्बतूरच्या ट्रॅकला जाणार होते. गाड्या एकाच टेम्पोतून जायच्या होत्या. तिथेच चालवून बघा, पाडली तर दुरुस्ती तुमच्याकडे, असं दोघांनीही कबूल केलं. मग ठरलं की सम्यक आणि प्रीतीनं दोन्ही गाड्यांवर दोन-दोन सेशन करायची आणि वेळ बघून निर्णय घ्यायचा. या खेपेला तिथे गाडीला यंत्र लावून वेळ मोजणार होते, म्हणजे मोबाइलची भानगडही नव्हती. वेळ बघायची कल्पना सम्यकचीच.

सम्यक आधी हजारवर बसला. पहिल्या लॅपला त्यानं बेतानंच चालवली. दुसऱ्या लॅपला सरळ रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडला, आणि नंतर त्याला एवढंच आठवत होतं की वळण एकदम जवळ आलं. रस्ता संपत आला असं वाटून त्यानं ब्रेक धरला तो इतका आधी, की वळणापर्यंत गाडी अर्धमेली झाली आणि मागून आलेले दोघं त्याला ओलांडून गेले. पुढच्या लॅपला त्यानं ठरवलं होतं की उशिरा धरायचा. हातांनी ऐकलं नाही. पाचव्या लॅपला त्याची बोटं बधिर झाली होती आणि जबडा दुखत होता, कारण तो पूर्ण वेळ दात आवळून बसला होता. माळशेजला टेम्पो बघितला होता तेव्हाही तो एवढा घाबरला नव्हता. ट्रॅकबाहेर पिटमध्ये येऊन त्यानं हेल्मेट काढलं. प्रीतीनं कशी आहे विचारलं.

"मस्त," तो म्हणाला.

प्रीती त्या गाडीवर बसली तेव्हा निघताना सर्वेशला मागून धरावं लागलं. पहिलं सेशन तिचं हळूच गेलं. दुसऱ्यात मात्र कठड्याशी उभ्या असलेल्या सम्यकला दिसलं, की तो जिथे ब्रेक धरत होता तिथून ती तशीच पुढे जाते आहे, वळण किती दूर ते दाखवणाऱ्या पाट्यांतल्या पार दुसऱ्या पाटीपर्यंत. दुपारनंतर सहाशेची पाळी आली. त्याला ती बरी वाटली, भीती नाही वाटली, पण वळणातून बाहेर पडताना गाडी ओढायची नाही. इंजिन कायम जोरात फिरतं ठेवावं लागायचं आणि गिअर चुकला की चुकला. काका म्हणाले होते तसंच. मग प्रीती गेली, आणि दोन लॅपनंतर मैथिली बाकावरून उठून कठड्याशी आली. सेशन संपेपर्यंत ती तिथेच बघत उभी राहिली.

वेळेचे कागद एका खोलीतून मागून घ्यावे लागायचे. प्रीती मैथिलीला गाडी टेम्पोत चढवायला मदत करत होती, म्हणून सम्यक एकटाच गेला. कागदावर चार ओळी होत्या. सम्यक, हजारवर: एक मिनिट एकोणीस सेकंद. सम्यक, सहाशेवर: तेवढेच, किंचित कमी. प्रीती, हजारवर: एक मिनिट सतरा. प्रीती, सहाशेवर: एक मिनिट चौदा.

त्यानं कागद दोनदा वाचला. यंत्र त्याच्या रोजच्या धंद्यातलं, त्यामुळे यंत्र चुकलं असेल असं म्हणायची सोय त्याला नव्हती. ज्या गाडीवर तिचा पायसुद्धा टेकत नव्हता तिच्यावरही ती त्याच्या दोन सेकंद पुढे होती. त्यानं कागदाची घडी घातली आणि रायडिंग सूटच्या आतल्या खिशात ठेवली.

टेम्पोपाशी आल्यावर प्रीतीनं विचारलं, "किती आले?"

"सारखेच आहेत गं. सेकंदभर इकडेतिकडे. मी हजारवर थोडा बरा, तू सहाशेवर."

त्यानं हे म्हणायचं ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघालं आणि मग परत घेता येईना. प्रीतीचा चेहरा उलट खुलला. ती म्हणाली की मग हजारचीच घेऊ, तुला नीट बसते, माझी मला सवय होईल. कल्याणला पोचेपर्यंत परतीच्या प्रवासात ती छान गप्पा मारत होती, आणि सम्यक बराचसा वेळ झोपेचं सोंग घेऊन पडला होता.

सर्वेशला पुढच्या रविवारी येतो म्हणून कळवलं. मधल्या आठवड्यात सम्यक कामाला जाऊन येत होता, कळव्याला मात्र गेला नाही. काकांचे दोन फोन आले, ते त्यानं उचलले नाहीत. काका वेळ विचारणार आणि काकांना सारखेच आले सांगणं त्याच्यानं झालं नसतं. त्यानं स्वतःची समजूत घालून बघितली. सवय झाली की आपणही सतरावर येऊ. पगारातला जास्तीचा वाटा आपलाच आहे. ती उद्या लग्न करून गेली तर गाडी आपल्यालाच चालवायची आहे. हे शेवटचं मनात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण अशी भाषा त्यांच्या घरात कोणी कधी केली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला तर दाराशी प्रीतीचे रायडिंगचे बूट पडले होते. काहीतरी वेगळं दिसलं म्हणून त्यानं एक उचलून बघितला. तळाला दीड इंचाचा काळा रबरी थर चिकटवून वरून शिवला होता. काम पक्कं होतं. आईनं आतून सांगितलं की स्टेशनजवळच्या चांभाराकडे तीन दिवस टाकले होते, आज आणले. आता पाय टेकेल म्हणते.

सम्यक बूट हातात घेऊन तसाच उभा राहिला. इतक्या जाड तळानं तिला पायाखालचा गिअर कळणार नव्हता. बूट अडकला असता. एवढं तिलाही ठाऊक असणारच, आणि तरी तिनं करून घेतलं होतं, एक शब्द न बोलता, त्याची गाडी त्याला मिळावी म्हणून.

शनिवारी प्रीतीची ड्युटी दुपारची होती. सकाळी ती स्वयंपाकघरात पोहे खात होती. आई खाली भाजीला गेली होती. सम्यकनं कागद तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि बाजूला उभा राहिला. तिनं तो उचलला, खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि वाचला. हॉस्पिटलात ती फिल्म अशीच धरत असणार.

"हे कोइम्बतूरचे?"

"हो."

"तू सारखे म्हणालेलास."

"खोटं बोललो. तू पुढे आहेस. दोन्ही गाड्यांवर. हजारवर तर मला भीती वाटलेली. सरळ रस्त्यावर माझे हात थांबायचे."

प्रीतीनं कागद पुन्हा वरपासून वाचला. पोहे गार होत होते. ती रागावेल, रडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती कागदाकडे बघत शांतपणे म्हणाली, "दादा, गेल्या वर्षभर मी थ्रॉटल सोडायचे. लॅप संपायच्या रेषेच्या आधी. तू मोबाइल धरून उभा असायचास ना, तेव्हा."

सम्यकला आधी समजलंच नाही. मग अर्धा सेकंद आठवला. दर वेळचा.

"का?"

"तू शिकवलंस म्हणून. आणि मला भीती वाटायची की मी पुढे गेले तर तू यायचा बंद होशील." ती थांबली. "या वेळी नाही सोडलं. गाडी ठरवायची होती, खरं कळायला पाहिजे होतं. तू सारखे म्हणालास तेव्हा मला वाटलं, तू खरंच माझ्याएवढा आहेस. इतकं बरं वाटलेलं मला."

मग मात्र ती रागावली. ती म्हणाली की मी वर्षभर खोटं चालवलं ते तुझ्यासाठी, तू आठवडाभर चालवलंस ते स्वतःसाठी, आणि ते दोन्ही एकच आहे असं मला सांगू नकोस. त्यानं सांगितलं नाही. ती ताट तसंच ठेवून उठली, डबा न घेताच वेळेआधी ड्युटीला गेली आणि त्या दिवशी तिनं त्याचा मेसेज बघितला नाही.

सम्यकनं सर्वेशला फोन लावला. सर्वेशनं कारण विचारलं. किमतीचं असेल तर बसून बोलू म्हणाला. सम्यक म्हणाला की किमतीचं नाही, बहीण माझ्यापेक्षा वेगात आहे आणि तिला सहाशेची बसते. मग सर्वेश म्हणाला, की ते तर त्या दिवशी आम्हा सगळ्यांना दिसलंच होतं. त्यानं ते सहज म्हटलं, टोमणा म्हणून नव्हे, त्यामुळे सम्यकला जास्तच लागलं. त्यानंतर तो कळव्याला गेला. काकांनी कागद बघितला, पाना दुसऱ्या हातात घेतला, आणि सहाशेची चेन बदलायला लागेल का एवढंच विचारलं.

रविवारी तो मैथिलीकडे जायला निघाला तेव्हा प्रीती आधीच खाली रिक्षात बसलेली होती. मैथिलीच्या पार्किंगमधून गाडी दोघांनी मिळून ढकलत बाहेर काढली.

एप्रिलमध्ये ते सहाशेची घेऊन पुन्हा कोइम्बतूरला गेले. प्रीतीनं वेगवानांच्या गटात नाव घातलं, सम्यकनं मधल्या. गट वेगळे झाल्यामुळे एक गाडी दोघांना सोयीची पडत होती. ती आत असली की तो रिकामा. पहिल्या दिवशी ती एक मिनिट तेरावर आली. तो अठरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चौथ्या वळणावर पुढचं चाक सुटून घसरली. सम्यक कठड्यावरून उडी मारून निघालाच होता, पण तिथल्या माणसानं त्याला अडवलं. ती उठून उभी राहिलेली दिसली, मग तिनं हात वर केला. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. गाडीचा ब्रेकचा भाग वाचला होता. क्लचची दांडी मोडली होती आणि बाजूचं कव्हर घासलं होतं.

दांडी बदलण्यात त्याचं सेशन गेलं. प्रीती कोपराला पट्टी बांधून शेजारी बसली होती. तुझं सेशन गेलं, ती म्हणाली. त्यानं जाऊ दे म्हटलं. थोडा वेळ तो स्क्रू आवळत राहिला. मग हात पुसून त्यानं विचारलं, "पहिल्या वळणाला तू ब्रेक कुठे धरतेस?"

ती त्याच्याकडे बघायला लागली. चार वर्षांत त्यानं तिला असं काही विचारलं नव्हतं.

"खरं सांगू? तू पाटी बघतोस. पाटी नाही बघायची. पाटी आली की तू घाबरतोस. वळणाच्या आत बघ, गवत संपतं तिथे. हात आपोआप थांबतात."

तिनं जमिनीवरच्या धुळीत बोटानं वळण काढलं आणि त्याच्या आतल्या कडेला, गवत संपतं तिथे, एक खडा ठेवला. सम्यक उकिडवा बसला. मध्येच त्यानं एकदा असं नाही का म्हणून आपलं म्हणणं सांगायला बघितलं, तेव्हा तिनं त्याचा हात बाजूला केला आणि पुढे सांगत राहिली.

दुपारच्या शेवटच्या सेशनला तो आत गेला. पहिले तीन लॅप त्याच्याकडून पाटीच बघितली गेली. चौथ्याला गवत दिसलं.